सुकाण तुझं, इंजिन माझं

आमच्या घरात जेवायला हाक मारायची पद्धत नव्हती. मी उलथनं तव्याच्या कडेवर एकदा आपटायचे, की मागच्या पडवीतून तुमचे आजोबा आणि माडांच्या वाडीतून तुमची आई असे दोघंही हात धुऊन हजर व्हायचे. एक टोला म्हणजे या. दोन टोले म्हणजे आहात तिथे थांबा, भात अजून वाफेवर आहे. तीन टोले म्हणजे मागे फिरा. हे बहुतेक वेळा तुमच्या आईसाठी असायचे, कारण ती चिखलाचे पाय घेऊन थेट फडताळापर्यंत यायची. मी मुंबईला इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे इथल्या हायस्कुलात मुलांना इंग्रजीच शिकवलं. लग्न होऊन किहीमला आले तेव्हा मला हा प्रकार अगदी रानटी वाटला होता. माणसाला नाव असतं, ते घेऊन बोलवावं, असं मी तुमच्या आजोबांना ऐकवलंही. ते म्हणाले, "नाव घेतलं की माणूस 'काय गं?' विचारतो. टोला ऐकला की नुसता येतो." पुढे माझ्याही हाताला ती सवय लागली, आणि खरं सांगायचं तर घर त्यामुळे नीट चालायचं. मला नीट चाललेलं घर आवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची तुम्ही दोघं फोनवर हळूच चेष्टा करता, तीही मला ऐकू येते.

ही सवय आली लाँचवरून. तुमचे आजोबा रेवसहून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर इंजिन चालवायचे. आता तिथे काय काय आलंय मला माहीत नाही, पण त्या लाँचवर सुकाण वर असायचं आणि इंजिन खाली, पोटात. वरती सारंग उभा. त्याला सगळा समुद्र दिसतो, पण इंजिन त्याच्या हातात नाही. खाली डायवर. त्याच्या हातात इंजिन आहे, पण त्याला एक थेंब समुद्र दिसत नाही. दोघांच्या मध्ये एक दोरी आणि खालच्या टोकाला पितळी घंटा. एक टोला पुढे, दोन टोले बंद, तीन टोले मागे. डायवरने घंटेला प्रश्न विचारायचा नसतो. "हात आधी, डोकं मागून," ते म्हणायचे. मी माहेरी जाताना वर बाकावर बसायचे, समुद्रपक्षी लोकांच्या हातातली बिस्किटं पळवायचे, आणि हा माणूस खाली त्या धडधडाटात डिझेलच्या वासात उभा. एवढी वर्षं त्यांनी रोज तो समुद्र ओलांडला, आणि मध्यावरून मुंबई कशी दिसते ते त्यांना मी सांगायचे.

वरचे सारंग म्हणजे इब्राहिमचाचा. दोघांची जोडी जुनी. चाचांची एक गोष्ट आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागायची. एकदा धक्क्याला लागताना चाचांनी घाईत तीनऐवजी एकच टोला दिला. लाँच मागे येण्याऐवजी पुढे गेली आणि धक्क्यावर अशी आदळली की मासळीच्या पाट्या, कोंबड्या आणि एक नवरदेव सगळे एकमेकांवर. चाचा तरातरा खाली आले. "अरे डायवर, तुला कळलं न्हाय धक्का आला म्हणून?"

"कळलं."

"मग?"

"घंटा एकच झाली."

ही गोष्ट सांगताना चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे, आणि तुमचे आजोबा मान खाली घालून गालात हसायचे. त्यांच्या मते चाचा त्यांची स्तुतीच करत होते.

आता उजव्या हाताचं सांगते. ते आधी मला दिसलं नाही, ऐकू आलं. सकाळच्या चहाच्या वेळी कप बशीत बारीक वाजायला लागला, जणू शेजारून जड ट्रक जातोय. मी दोन वेळा खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मग काही न बोलता मी त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात द्यायला लागले, आणि तेही काही न बोलता पेला घ्यायला लागले. पुढे हात खिशात राहू लागला. डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं. इंग्रजी येण्याचा एक तोटा असा, की औषधाच्या खोक्यातला कागद वाचता येतो; मी तो वाचला, आणि त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "काही विशेष नाही, जेवणाआधी घ्यायला सांगितलंय." त्यांनी वेळेच्या बरंच आधी नोकरी सोडली. लाँचवर सगळ्यांना सांगितलं, गुडघे गेले, जिना उतरवत नाही. चाचांनाही तेच सांगितलं. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला सगळ्यांबरोबर हात जोडायचे तेव्हा ते डाव्या पंज्याने उजवा असा घट्ट दाबून धरायचे की पाहणाऱ्याला ती भक्ती वाटावी. त्यानंतर दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसायचे. ज्या माणसाने आयुष्यभर घरातला कुठलाही स्क्रू ढिला राहू दिला नाही, त्याच्या समोर नळ गळत होता आणि ते नळाकडे पाहायचे नाहीत.

अशात तुमची आई सुट्टीला घरी आली आणि येताना एक विमान घेऊन आली. ती तेव्हा नवी मुंबईला इंजिनिअरिंगला होती, वसतिगृहात राहायची. तिथल्या मुलामुलींनी रिमोटवर चालणारी विमानं बनवायचा नाद घेतला होता, आणि हे त्यांनी टाकून दिलेलं. थर्माकोलसारख्या फोमचं, नाकावर पंखा, एक पंख मोडून चिकटवलेला. तुमचे आजोबा आधी हसले. "बाहुल्या खेळायच्या वयात स्क्रूड्रायव्हर मागायचीस, आता लग्नाच्या वयात खेळणी आणतेस व्हय?" दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती त्यांना समुद्रावर घेऊन गेली. ओहोटीची ओली वाळू आमच्याकडे रस्त्यासारखी टणक असते, आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा अगदी मऊ. तिने विमान वर नेलं, दोन चकरा मारल्या, आणि न विचारता रिमोट त्यांच्या हातात दिला.

ते घरी आले तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. टोला द्यायच्या आत ते येऊन पाटावर बसले. सुकटीची चटणी, पांढरा कांदा, गरम भाकरी. ते जेवत होते आणि बोलत होते, आणि मी भाकरी उलटायची विसरले, कारण इतकं बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "अगं, सुकाण माझ्या हातात होतं," ते म्हणाले. "म्हटलं डावीकडे, तर डावीकडं गेलं. मला दिसत होतं कुठं जातंय ते." एवढं साधं वाक्य. ज्याने सगळा जन्म खाली उभं राहून काढला त्याच्या तोंडून ते कसं वाटत होतं, ते मला तुम्हाला नीट सांगता येत नाही.

ती सुट्टी आणि त्यानंतरची प्रत्येक सुट्टी विमानाची झाली. विमान मंद होतं, आणि त्या मंदपणातच सगळी गंमत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. उजव्या हाताची थरथर रिमोटच्या दांडीवर उतरायची, पण विमान इतकं सुस्त की ते हलायचं ठरवेपर्यंत थरथर पुढे निघून गेलेली असायची. आकाशात फक्त त्यांचं मन दिसायचं, हात दिसायचा नाही.

पण समुद्राकाठी कुठलीही मोटर फार टिकत नाही. वाळू आत जाते, खारी हवा आत जाते. त्या जुन्या मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे ब्रश होते, ते घासून घासून वीज आत पोहोचवायचे. एका सकाळी विमान डोक्यावरून जाताना तुमचे आजोबा म्हणाले, "ब्रश खलास झालेत. ऐक, खरखरतेय." ती मोटर उघडून ब्रश बदलता येईल अशी नव्हती. तिचा जोर इतका उतरला की दुपारचा खारा वारा जरा उठला की विमान हवेत एका जागी उभं राहायचं, पंखा फिरतोय आणि विमान हलत नाही. एकदा तर ते तसंच मागे मागे सरकत वाडीवर आलं आणि माडाच्या शेंड्यात जाऊन बसलं. नारळ पाडायला माणूस आला तेव्हा नारळांबरोबर विमानही उतरलं.

म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत तुमची आई नवी मोटर घेऊन आली. तिने तिची कात्री, तारांना डाग द्यायचा कैया, तारा सगळं पडवीत मांडलं. शेजारच्या अंगणात पोपटीची तयारी चालली होती. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं. त्या पाल्याचा उग्र वास आणि कैयाचा धूर असे दोन्ही वास अजून माझ्या नाकात एकत्रच आहेत. तुमच्या आजोबांनी मोटर डाव्या हातात घेतली. लाडवाएवढी होती.

"तारा तीन कशा हिला?" ते म्हणाले.

"ब्रश नाहीत ना हिला, पप्पा. गुंडाळी मध्ये गप्प बसते, आणि बाहेरची लोहचुंबकाची वाटी तिच्याभोवती फिरते. तीन तारांतून पाळीपाळीने वीज सोडायची."

"म्हणजे इंजिन जागेवर, आणि इंजिनरूम फिरते."

"अगदी तसंच! घासायला काही नाहीच, म्हणून झिजायलाही काही नाही."

"आणि उलटी फिरवायची झाली तर?"

"तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची."

"गिअरबॉक्स न्हाय, काय न्हाय. चोर हाय मोटर," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

तारांना डाग देताना ते तार धरायला पुढे झाले. तिने पाहिलं, आणि म्हणाली, "राहू द्या, धूर डोळ्यांत जाईल तुमच्या." ते मागे सरकले. नवी मोटर, तिच्याबरोबर वेग सांभाळणारी नवी पट्टी, नवी बॅटरी, म्हणून विमानाचं वजन पुन्हा जुळवावं लागलं. पंखाखाली दोन बोटं धरून विमान समतोल राहतं का पाहायचं असतं. ते काम खरं तर त्यांचं. तुमच्या आईने माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या उलट्या मांडल्या आणि विमान त्यांवर ठेवलं. "बोटांपेक्षा हे अचूक," ती म्हणाली. मी पाहत होते, की माझी मुलगी तिच्या बापाला एकेका कामातून किती मायेने बाजूला करते आहे, आणि त्याला ते किती नीट कळतंय. पण विमान उडवणं त्यांचंच होतं. त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

त्या सकाळी चाचाही आले. स्कूटरला बोंबलांची पिशवी लटकवून. "भाभी, डायवर विमान चालवतो म्हणे! या अल्लाह, आता आकाशातपण कोंबड्या आपटणार." आम्ही सगळे समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर बरीच माणसं होती, घोडागाडीवाले होते, सुट्टीला आलेले लोक होते. तुमच्या आईने विमान हातातून सोडलं.

जुनी मोटर किरकिरत वर चढायची. ही चढलीच नाही, ती सुटली. आवाज एकदम बारीक, ताणलेला, आणि विमान बघता बघता माडांच्या वर. तुमच्या आईने दोन चकरा मारून ते स्थिर केलं. मग तिने रिमोट त्यांच्याकडे दिला.

विमान थरथरायला लागलं. हे कसं लिहू ते मला कळत नाही. वेग वाढला की शेपटीच्या छोट्या हालचालीलाही जोर येतो, हे तुमच्या आईने मला नंतर समजावून सांगितलं; आम्हाला तेव्हा दिसलं ते एवढंच, की जे दुखणं त्यांनी खिशात लपवलं होतं, पेल्यात लपवलं होतं, जोडलेल्या हातांत लपवलं होतं, ते त्या निळ्या आकाशात सगळ्या किनाऱ्याला दिसत होतं. तीच लय, तोच वेग. कपबशीतली ती लय मी कुठेही ओळखली असती. विमान वरखाली, वरखाली, जणू कोणी ते दोरीने झटकतंय. सुट्टीला आलेल्यांपैकी कोणी तरी हसलं. चाचांनी एकदा विमानाकडे पाहिलं, मग तुमच्या आजोबांच्या उजव्या हाताकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पप्पा, माझ्याकडे द्या," तुमची आई म्हणाली. त्यांनी दिला नाही. विमान खाली यायला लागलं. "पप्पा!" ती ओरडली. आणि त्यांनी तेच केलं जे कुठल्याही लाँचवाल्याने केलं असतं. धोका दिसला की इंजिन बंद. लाँचला ते बरोबर आहे. बंद लाँच पाण्यावर तरंगत राहते. विमान तरंगत नाही. ते नाकावर ओल्या वाळूत शिरलं.

त्यांनी रिमोट वाळूवर ठेवला, हात खिशात घातला, आणि कोणाकडे न पाहता घराकडे चालायला लागले. चाचा मागून "अरे थांब, ए थांब" म्हणत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

विमानाला फारसं काही झालं नव्हतं. पंखा मोडला, नाक दबलं. घर मात्र बिघडलं. दुपारी मी तव्यावर टोला दिला तेव्हा तुमची आई आली, ते आले नाहीत. मी पुन्हा एक दिला. पडवीत खुर्ची करकरली, बस. मग मी ताट घेऊन बाहेर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी टोला द्यायचंच सोडून दिलं; ताटं वाढायची आणि नावं घेऊन बोलवायची, जशी मला लग्नाआधी वाटायची तशी सभ्य पद्धत. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू-बंद झालेला कळायचा. आजही मी जेवायला एकटी बसते तेव्हा कधी कधी उगाच उलथनं वाजवते. पण तो भाग वेगळा.

तुमच्या आईला वाटलं चूक मोटरची आहे. ती पडवीच्या टोकाला बसून नवी मोटर काढून जुनी पुन्हा बसवू लागली. ते आत पलंगावर पडून होते. तिने तार जोडून मोटर जरा फिरवून पाहिली, ती खरखर एकच क्षण झाली असेल, आणि आतून आवाज आला.

"काढ ती."

तिने घाईघाईने तार काढली.

"मला कळणार न्हाय असं वाटलं? ही खलास झालेली मोटर हाय. माझ्यासाठी मेलेलं इंजिन लावतेस?"

"पप्पा, तुम्हाला सोपं जाईल म्हणून."

"सगळं सोपं करून ठेवलंय तुम्ही दोघींनी." ते दारात येऊन उभे राहिले होते. "पेला देता, कप न्हाय. तार धरू देत न्हाय. बरण्या मांडता. तिकडं समुद्रावर लोक हसले, त्यांचं मला काय वाटलं न्हाय. पण तू हे करू नको. मी बसेन खुर्चीत. पण हलकं इंजिन न्हाय लावायचं."

तिने जुनी मोटर सोडवली आणि रडत वाडीत निघून गेली. पेला माझाच होता.

चाचा आले त्यानंतर. मासळी नव्हती, स्कूटर फाटकात आडवी टाकलेली. ते भांडायला आले होते. "गुडघे म्हणालास मला," ते अंगणातूनच सुरू झाले. "गुडघे! मी माझ्या हकीमाकडून तुझ्यासाठी तेल आणलं, माहीत हाय? तू ते घेतलंस आणि शुक्रिया पण म्हणालास. डायवर, मी तुझा सारंग. इंजिनात काय बिघाड हाय ते वर कळवायचं असतं का न्हाय?"

"कळवून तू काय करणार होतास?"

"काही न्हाय करणार होतो! बसलो असतो इथं!" चाचा पायरीवर बसले. मग रागाने, अगदी टोचायलाच म्हणाले, "आणि तुला सुकाण धरायला कोणी सांगितलं? जन्म गेला तळात. म्हातारपणी सुकाण पण पाहिजे, इंजिन पण पाहिजे. कुठल्या लाँचवर दोन्ही एकाकडं बघितलंस?"

मला चाचांचा राग आला. त्यांना काय माहीत, त्या सुकाणाचं काय मोल होतं ते. मी चहा आणला. आणि का ते माहीत नाही, त्या दिवशी मी तो कपबशीत आणला. कप वाजला. सगळ्यांनी ऐकला. चाचा चहा फुंकत म्हणाले, "साखर कमी हाय, भाभी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे आजोबा तुमच्या आईच्या शेजारी जाऊन बसले. रिमोट त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. त्याला दोन दांड्या असतात. उजवीने विमान वळतं, वर-खाली जातं. तिला स्प्रिंग असते, बोट हललं की ती हलते. डावीने मोटरचा वेग. तिला खटके असतात, ठेवली तिथे राहते.

"डावा हात माझा अजून चांगला हाय," ते म्हणाले. "सुकाण तू धर."

तिला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "पण पप्पा, तुम्हाला तर..."

"सुकाण तुझं, इंजिन माझं. नवी मोटर लाव. आणि घंटा नीट देत जा, इब्राहिमसारखी न्हाय."

मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. तुम्हाला वाटेल की हा आनंदाचा क्षण होता. तसा नव्हता. ते जे एकदाच हातात आलं होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने परत दिलं होतं, आणि देताना आवाज अगदी साधा ठेवला होता.

मग लोखंडी पाइपच्या दोन घडीच्या खुर्च्या वाळूवर गेल्या. मध्ये स्टूल, स्टुलावर रिमोट. ती उजवीकडे बसायची, विमानाकडे बघत. तिच्या डाव्या हातात पाना, त्याने ती त्यांच्या खुर्चीच्या पाइपवर टोले द्यायची. एक टोला, मोटर चालू. दोन, बंद. आणि भराभर वाजवलं तर पूर्ण वेग; हा टोला नवीन होता, त्यासाठी बरेच दिवस भांडण झालं. "घाबरलं की बंद नाही करायचं, पप्पा. इथे धक्का नाही, पाणी नाही. घाबरलं की जोरात." ते म्हणाले, "सारंगाची घंटा आली तर डायवर घाबरत न्हाय. त्या दिवशी वर सारंगच नव्हता." त्यांची मानही तेव्हा आखडायला लागली होती, वर बघवत नसे. ते वाळूकडे बघत बसायचे, आपल्या दोन पावलांच्या मध्ये, आणि ऐकायचे. विमान लांब गेलं, वाऱ्यात शिरलं, वळलं, हे त्यांना आवाजावरून कळायचं. पुन्हा ते तळात होते. समुद्र कसा दिसतोय, विमान कुठे आहे, हे तुमची आई त्यांना सांगायची, जशी पूर्वी मी सांगायचे. एकदाही त्यांनी टोला चुकवला नाही. चाचा मागे उभे राहून म्हणायचे, "बघा, बघा, माझ्यासाठी असाच उभा राहायचा खाली."

पुढच्या वर्षी तुमच्या आईला परदेशी शिकायला जायचं होतं. पावसाळा संपला होता, वाळू पुन्हा टणक झाली होती. जायच्या आदल्या सकाळी आम्ही सगळे गेलो. तोपर्यंत त्यांचं बोलणं मंद झालं होतं, चालताना पाय घसटायचे. खुर्चीपर्यंत मी त्यांना धरून नेलं. डावा हात मात्र त्या दांडीवर गेला की पूर्वीचाच. तिने एक टोला दिला, चाचांनी विमान हातातून सोडलं, आणि ते बारीक ताणलेल्या आवाजात माडांच्या वर गेलं. तिने खूप चकरा मारल्या. ती विमान कुठे आहे ते सांगायचीसुद्धा विसरली होती, आणि त्यांनी विचारलं नाही.

बॅटरी संपत आली तशी तिने विमान किनाऱ्याला समांतर आणलं, खाली, आणखी खाली, लाटांच्या उंचीवर, उतरायच्या बेतात. पाना खुर्चीच्या पाइपवर वाजला. दोन टोले, अगदी स्पष्ट.

मोटर बंद झाली नाही. विमान वाळूवरून आमच्या समोरून सरळ निघून गेलं, तिला घाईने ते वर घ्यावं लागलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. तिने पुन्हा दोन टोले दिले, यावेळी जोरात.

"पप्पा, दोन दिले मी. ऐकू नाही आले?"

"आले," ते म्हणाले.

आणि मान खालीच ठेवून, डाव्या हाताने त्यांनी दांडी आणखी एक खटका पुढे सरकवली.